बेरजेत गेलेला आवाज

आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाची वंदना माझी बायको म्हणवून घेते. म्हणजे घ्यायची. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत रोज संध्याकाळी सात वाजता ती एक ओळ म्हणे, बायका तीच ओळ मागून म्हणत, आणि छतावरचा एकुलता एक भोंगा ते सगळं आमच्या दोन गल्ल्यांमध्ये पोचवी. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्याकडे पाहुणे आलेत, ज्यांची पोळी तव्यावर आहे, ते घरीच हात जोडत. मी कार्यालयातून येऊन पाय धूत असायचो तेव्हा तिचा आवाज मोरीच्या खिडकीतून आत यायचा. त्याकडे मी खास लक्ष दिलं असं नाही. घरात पंखा सुरू असतो तेव्हा पंख्याकडे कोण लक्ष देतं?

मागच्या उन्हाळ्यात तिच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण वाढत होती आणि अन्न गिळताना लागत होती, म्हणून काढायचं ठरलं. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून दाखवलं. गाठीच्या अगदी मागून आवाजाची नस जाते. आम्ही जपूनच करू, पण नस दुखावली तर आवाज बसतो, कधी काही महिन्यांसाठी, कधी कायमचा, असं ते म्हणाले. मी विचारलं, किती जणांचा बसतो? त्यांनी जे सांगितलं त्यावरून असे लोक फार थोडे असतात. मला आकडा कळला की बरं वाटतं. मी घरी येईपर्यंत तेच बोलत होतो, की फार थोडे, फार थोडे. बायको ऑटोत बाजूला बसून ऐकत होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "त्या थोड्यांत मी नाही, हे कोणी सांगतलं तुम्हाले?"

त्यानंतर मी आकड्याचं बोललो नाही.

रेकॉर्डिंगची कल्पना तिचीच. ऑपरेशन जूनमध्ये होतं, वर्षावास त्यानंतर महिन्याभरात लागणार होता. आवाज बसला तर तीन महिने वंदना कोण म्हणवून घेणार, हा प्रश्न तिला गाठीपेक्षा जास्त लागत होता. तसं म्हणणारं कोणी नव्हतं असं नाही. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवणाऱ्या एक वहिनी आहेत. त्यांना सगळं पाठ आहे आणि गिरणीच्या आवाजावर बोलून बोलून त्यांचा गळा असा झालाय की त्यांना भोंग्याचीही गरज नाही. पण त्या ओळीतला शेवटचा शब्द ओढतात. बायका त्यांच्या मागे म्हणू लागल्या की सगळ्यांचा श्वास संपतो आणि वंदना जोडी न जमलेल्या बैलांसारखी मागेपुढे होते, असं माझ्या बायकोचं म्हणणं. शिवाय वहिनी मागच्या गल्लीच्या आणि आम्ही पुढच्या. पुढच्या गल्लीत नळ आधी आला, रस्ता आधी झाला, आणि तेव्हापासून विहारात बायकांच्या दोन ओळी समोरासमोर बसतात. डाव्या हाताला पुढची गल्ली, उजव्या हाताला मागची. भांडण असं काही नाही. पण माईक कोणाच्या बाजूला कलला आहे, हे दोन्ही ओळींना बसल्या जागी कळतं.

"माहा आवाज रेकॉर्ड करून ठेवा," ती म्हणाली. "बायकाही घ्या, मागून म्हणायले. तीन महिने तोच लावायचा. तोवर मी बरी होते."

तिचा जीव एवढ्यातच अडकला होता. ऑपरेशनच्या टेबलावर जाण्याआधी तिला हे हातात हवं होतं.

बिछायत केंद्र चालवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. मंडप, खुर्च्या, लाइट, माईक असं सगळं तो भाड्याने देतो. लग्नसराई संपत आली होती तरी त्याला कुहीकडच्या एका लग्नाला जायचं होतं. स्वतः येऊ शकत नाही म्हणाला, पण सामान दिलं. दोन माईक, दोन स्टँड, वायरी आणि हातात मावेल एवढं दोन बाजूंचा आवाज वेगवेगळा घेणारं यंत्र. डावा माईक डाव्या बाजूला, उजवा उजव्या. ऐकताना डाव्या कानात डावं, उजव्या कानात उजवं. बटणं कोणती दाबायची ते त्याने दाखवलं. माईकची ती जोडी त्याची सगळ्यात चांगली होती. म्हणाला, "कितीही गर्दी असू द्या साहेब, ही जोडी शिट्टी मारत नाही." भोंग्यातला आवाज पुन्हा माईकात शिरला की जी कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते, ती. आमच्या खोलीत भोंगा नव्हता, त्यामुळे शिट्टीचा प्रश्न नव्हता. मी मान डोलावली आणि सामान स्कूटरला बांधलं.

रेकॉर्डिंग आमच्या समोरच्या खोलीत केलं. दुपारची वेळ निवडली, कारण तेव्हा रस्त्यावर कुत्रंही नसतं. पण नागपुरात जूनच्या दुपारी कूलर बंद करून चौदा बायका एका खोलीत बसवणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. कूलर सुरू ठेवला तर माईकात धबधबा ऐकू येत होता. पंख्याची पात खरखरत होती. दोन्ही बंद केले. बायकांनी ओले रुमाल डोक्यावर घेतले. सात पुढच्या गल्लीच्या, सात मागच्या, ही मोजणी बायकोची. कपाटावर बुद्धाची मूर्ती, तिच्यासमोर बायको, आणि तिच्या दोन बाजूंना दोन ओळी, विहारात बसतात तशा.

माईक कुठे ठेवायचे हे मात्र माझ्याकडे होतं. मी मोजणी खात्यात आहे. दुसऱ्यांचे बांध मोजण्यात माझी नोकरी गेली. बांधाचं भांडण कसं सुरू होतं आणि किती वर्षं चालतं, ते मी पाहिलं आहे, म्हणून मी टेप काढला. बायकोच्या हनुवटीपासून डावा माईक पंचेचाळीस सेंटिमीटर, उजवा पंचेचाळीस. उंची सारखी, कोन सारखा. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक. तिला म्हटलं, हलायचं नाही. डाव्या ओळीपासून डावा माईक जितका, तितकाच उजव्या ओळीपासून उजवा.

गिरणीवाल्या वहिनी रुमालातून पाहत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, बायकोच्या गळ्याचा सातबारा काढून राहिले का?"

सगळ्या हसल्या. बायको हसली नाही. म्हणाली, "एका बाजूले सूतभर सरकला तं तूच पहिले बोंबलशील वं."

"मी काहून बोंबलू? माहा आवाज तं माईक बंद असला तरी येते."

त्या दुपारी पूर्ण वंदना दोनदा घेतली. दुसऱ्यांदा बायकोचा आवाज असा लागला की मी यंत्राकडे बघणं विसरलो. तिने एकेक ओळ अशी म्हटली की जणू ती ती ओळ कोणाच्या तरी हातात ठेवते आहे. मग बायका म्हणत. मग ती थांबे, श्वास घेई, आणि पुढची. संपल्यावर कूलर लावला. सगळ्याजणी कूलरच्या समोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या.

संध्याकाळी मी कानात हेडफोन घालून ऐकलं. सुंदर आलं होतं. डाव्या कानात पुढची गल्ली, उजव्या कानात मागची, दोन्ही सारख्या. बायकोचा आवाज दोन्ही कानांत होता, भरदार. एक गोष्ट जरा विचित्र वाटली. ती समोर बसून म्हणते आहे असं वाटण्याऐवजी तिचा आवाज कुठून तरी डोक्याच्या मागून, दोन्ही बाजूंनी येतोय असं वाटत होतं. तिची जागा सापडत नव्हती. पण मी काही त्यातला जाणकार नाही. चांगल्या सामानाचा आवाज असाच येत असेल, असं समजलो. बायकोच्या कानांना हेडफोन लावले. तिने डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या आणि काढून दिले. "झालं," म्हणाली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, आणि आवाज बसला.

पुरता गेला नाही. बोलायला लागली की शब्दाआधी वारा निघायचा, आणि शब्द त्या वाऱ्यात मिसळून यायचा. स्वयंपाकघरातून हाक मारली तर बाहेर ऐकू येत नसे, म्हणून ती ओट्यावर चमचा वाजवी. डॉक्टर म्हणाले, सहा महिने वाट पाहू, बहुतेकांचा परत येतो. मी विचारलं नाही की किती जणांचा.

वर्षावासाला आठवडा राहिला तेव्हा तिने मला रेकॉर्डिंग वहिनींच्या फोनवर पाठवायला लावलं, म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या बायकांना आधीच ऐकता येईल. दुसऱ्या दिवशी वहिनी गिरणीतून तशाच आल्या, बाह्यांना पीठ. बायको बाजेवर बसून मेथी निवडत होती. वहिनींनी आपला जुना फोन तिच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "वं, यात तं आम्हीच हाओत. तू कुठं गेलीस?"

त्यांनी ते चेष्टेने म्हटलं असेल, नसेलही. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. मी फोन हातात घेऊन कानाला लावला. खरंच, बायकोची ओळ यायची तिथे काहीच नव्हतं. थोडा वेळ शांतता, मग बायकांचं उत्तर. मी माझ्या फोनला हेडफोन जोडून तीच फाइल ऐकली. सगळं जागच्या जागी. वहिनींना म्हटलं, तुमचा फोन बिघडलाय. त्या म्हणाल्या, असन बा, आणि गेल्या.

त्या गेल्यावर बायको कुजबुजली, "तिनंच काही केलं असन. तिले कधीची म्हणवून घ्यायची हौस हाय." मी म्हटलं, असं कोणी फोनमधून एकाच बाईचा आवाज काढू शकतं का? तिचं समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं, पण माझ्या कानांनी मी ऐकलं होतं, आणि वहिनींचा फोन खरोखरच जुना होता.

आषाढी पौर्णिमेला विहार भरलेला असतो. पाऊस नुकता थांबला होता, दारात चपलांचा चिखल. बायको गळ्याभोवती ओढणी गुंडाळून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली, खाली बसायला अजून मनाई होती. यंत्रातून दोन वायरी निघतात, डावी आणि उजवी. विहारातल्या अॅम्प्लिफायरला मात्र माईकचं सोडलं तर एकच तोंड आहे, कारण भोंगा एकच. म्हणून बिछायतवाल्याने एक वायर करून दिली होती, जिच्यात दोन्ही येऊन एक होतात. ती मी लावली. सगळ्यांनी हात जोडले. मी बटण दाबलं.

काहीच आलं नाही. अगदीच काही नाही असं नाही. फार लांबच्या घरात कोणी बोलत असावं, असं काहीतरी. मग एकदम चौदा बायका भोंग्यातून म्हणाल्या.

मी आवाज वाढवला. पुढच्या ओळीच्या जागी पुन्हा तेच, आणि मग चौदा बायका आणखी मोठ्याने. कोणी न म्हटलेल्या ओळीला त्या उत्तर देत होत्या. पुरुषांच्या बाजूने दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी वायर हलवली, यंत्र पाहिलं, त्यावरचे दोन्ही दिवे बायकोच्या ओळीला नीट चमकत होते. आवाज आत होता. बाहेर येत नव्हता.

तिसऱ्या ओळीला वहिनींनी विहाराचा माईक उचलला आणि ओळ म्हटली. भोंग्यातल्या बायकांनी उत्तर दिलं, समोरच्या बायकांनी दिलं, आणि वंदना सुरू झाली. शेवटपर्यंत वहिनींनीच म्हटली. बायको खुर्चीवर ताठ बसून होती. तिची नजर भोंग्याकडे जाणाऱ्या वायरवर होती.

आम्ही घरी आलो.  दार उघडताना तिने एवढंच विचारलं, "पुसल्या गेला का?"

मी म्हटलं, नाही. पण मला खात्री नव्हती. ती दुपार पुन्हा घेता येणार नव्हती. तो आवाज तिच्याकडे राहिला नव्हता. होता तो त्या यंत्रात, आणि तिथूनही तो गेला असेल तर मी तिला काय सांगणार होतो?

पुढचे काही दिवस कार्यालयातून आल्यावर मी तेच करत बसलो. थकून यायचं, चहा घ्यायचा, यंत्र काढायचं. मोजणीत चूक निघाली की आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहतो. दोन बदलल्या तर चूक कुठली ते कळत नाही. म्हणून मी फक्त डावी वायर घरच्या छोट्या स्पीकरला लावली. बायकोचा आवाज आला, खणखणीत. ती काढून फक्त उजवी लावली. आला, तितकाच. मग दोन्ही एकत्र लावल्या. गेला. पुन्हा डावी, आला. पुन्हा दोन्ही, गेला. दोन ठिकाणी पूर्ण असलेली वस्तू एकत्र केल्यावर दुप्पट व्हायला हवी. इथे शून्य होत होती.

शून्य कधी येतं, हे मला कळायला वेळ लागायला नको होता. अधिक पाच आणि उणे पाच. आवाज म्हणजे हवेचा धक्का. धक्का माईकच्या पडद्याला आत ढकलतो, मग पडदा बाहेर येतो. एका माईकने आत ढकलणं अधिक लिहिलं आणि दुसऱ्याने तेच उणे लिहिलं, तर एकेकटं ऐकताना कानाला काही फरक कळत नाही, कारण कानाला धक्का हवा असतो, त्याचं चिन्ह नाही. हेडफोनमध्येही कळत नाही. तिथे डावं डाव्या कानात, उजवं उजव्या कानात, बेरीज होतच नाही. फक्त आवाजाची जागा सापडत नाही, डोक्याच्या मागे कुठेतरी भटकतो. बेरीज होते ती एकाच भोंग्यात. किंवा एकच स्पीकर असलेल्या वहिनींच्या जुन्या फोनमध्ये. त्यांचा फोन बिघडलेला नव्हता.

आणि बायका का राहिल्या? कारण प्रत्येक बाई एका माईकच्या जवळ होती आणि दुसऱ्यापासून लांब. पाचातून एक वजा, चार उरतात. माझी बायको एकटीच अशी होती की दोन्हींपासून सारख्या अंतरावर. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस. चार बोटं इकडेतिकडे झाली असती तर निदान पातळ, पत्र्यासारखा का होईना, तिचा आवाज उरला असता. मी तेवढंही उरू दिलं नव्हतं.

रविवारी बिछायतवाल्याकडे गेलो. तो दुकानाबाहेर गाद्या उन्हात टाकत होता. मी सगळं सांगितलं, तर त्याला काही नवल वाटलं नाही. त्याने ती जोडी आणली. एका माईकच्या वायरला, शेवटी, लाल पट्टी होती. मला वाटलं होतं की डावा-उजवा ओळखायला असेल. ती वायर आत उलटी जोडलेली होती, मुद्दाम. मोठ्या कार्यक्रमात तो हे दोन माईक एकाला एक चिकटवून बांधतो आणि गायक फक्त वरच्यात तोंड घालून गातो. गर्दीचा आवाज, भोंग्याचा आवाज दोन्हीत सारखा शिरतो आणि आपसात मिटतो. म्हणून शिट्टी वाजत नाही. गायकाचा आवाज एकातच जास्त, म्हणून तो राहतो.

मी म्हटलं, मग हे तेव्हा सांगायचं ना.

"तुम्ही विचारलंच नाही साहेब. मले वाटलं, बाई एकाच माईकात म्हणतीन." मग गादी उलटवत म्हणाला, "सगळेच तसे म्हणतेत. तुमच्यासारखं टेप लावून मधात कोण बसवते?"

 त्याने चहा सांगितला. आवाज कशामुळे मिटतो, ते त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या काकाने अशी वायर करायला शिकवली होती, म्हणून तो करतो.

दुरुस्ती सोपी निघाली. संगणकावर एका बाजूचं चिन्ह उलटं करायचं, मग दोन्ही एकत्र करायच्या. एका बटणाचं काम. आता उणे पाचचे अधिक पाच झाले आणि बेरीज दहा. मी घरातल्या एकच स्पीकर असलेल्या जुन्या फोनवर लावून पाहिलं. बायकोचा आवाज आला. पहिल्या ओळीतच आला, भरदार, त्या दुपारसारखा.  आनंद झाला असं म्हणता येणार नाही. पाठ दुखत होती, आणि वाटलं, चला, हे एक संपलं.

तोवर वर्षावासाचा दुसरा आठवडा सुरू होता. विहारात रोज वहिनींच्या फोनवरून तीच बिघडलेली फाइल लागत होती. मला वाटलं होतं, पहिल्या दिवसानंतर ती बंद करतील. पण पावसामुळे कधी चार, कधी पाच बायका येत, आणि वहिनी म्हणाल्या, मागं उत्तर द्यायले आवाज असले की धीर येते. म्हणून भोंग्यातल्या चौदा बायका आणि समोरच्या चार, आणि मधल्या मोकळ्या जागेत वहिनी. बायको रोज जात होती. खुर्चीवर बसून ऐकत होती. मी घरी यंत्राशी खटपट करत असल्यामुळे मी जात नव्हतो.

त्या दिवशी दुपारी मी फोन तिच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, ऐक.

तिने पूर्ण ऐकलं. एक हात गळ्यावरच्या व्रणावर होता. आपला आवाज ऐकताना तिचे ओठ हलत होते, पण त्यातून काही निघत नव्हतं. संपल्यावर तिने फोन उलटा ठेवला.

मी म्हटलं, आज हाच लावतो.

तिने मान हलवली. नाही म्हणून.

मी थकलेलो होतो, म्हणून माझा आवाज चढला असेल. म्हटलं, काहून? यासाठीच तर केलं सगळं. तूच म्हणाली होतीस, तीन महिने तोच लावायचा.

तिला एवढं बोलायला वेळ लागला. दोनदा श्वास घ्यावा लागला. "माहा आवाज लावला तं ती गप्प बसन," ती म्हणाली. "सहा महिन्यांनी मले आवाज नसला, तं मग कोण म्हणन?"

मी म्हटलं, ती ओढते ना शेवटचा शब्द. तूच म्हणतेस.

"आता नाही ओढत." ती थोडी थांबली. "ओढायले जागाच नाही. मी जेवढ्यात म्हटलं, तेवढीच जागा हाय तिच्यापाशी. ओढला तं बायका अंगावर येतेत."

मी त्या संध्याकाळी तिच्याबरोबर गेलो आणि ऐकलं. खरं होतं. रेकॉर्डिंगमधली प्रत्येक रिकामी जागा माझ्या बायकोच्या ओळीएवढी होती, तिच्या श्वासासकट. वहिनींना तेवढ्यातच म्हणून मोकळं व्हावं लागत होतं. जरा लांबवलं की भोंग्यातल्या चौदाजणी सुरू व्हायच्या. दोन आठवड्यांत त्यांना ते माप बसलं होतं. त्यांचा आवाज जाडा आहे, बायकोसारखा नाही. पण वंदना कुठे मागेपुढे होत नव्हती.

दुरुस्त केलेली फाइल माझ्याकडे आहे. दोन ठिकाणी ठेवली आहे. ती विहारात कधी लागली नाही. बायकोनेही पुन्हा मागितली नाही, आणि मीही ती आपण होऊन लावत नाही. कधी घरात एकटा असलो की पहिली ओळ ऐकतो आणि बंद करतो.

आश्विन आला तेव्हा ती खुर्ची सोडून खाली बसायला लागली. पुढच्या गल्लीच्या ओळीत जागा नव्हती म्हणून उजव्या बाजूला, मागच्या गल्लीच्या बायकांत बसली, आणि मग तिथेच बसायची सवय झाली. सगळ्यांबरोबर म्हणायचा प्रयत्न करते. तिच्या शेजारच्या बाईलाही ते ऐकू येत नसावं. डॉक्टरांनी सांगितलेले सहा महिने अजून व्हायचे आहेत. 

परवा विहारातून येताना वाटेत तिने माझी बाही ओढून मला थांबवलं. तिला काही सांगायचं असलं की असंच करावं लागतं, चालता चालता तिचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणाली, "त्या वहिनीले सांगा, दुसऱ्या ओळीच्या आधी श्वास घे म्हणा. मधातच घेते ती."

मी म्हटलं, तूच सांग ना, तुझ्या बाजूलाच तर असते.

"मी सांगतलं तं तिले राग येते."

आणि मी सांगितलं तर येणार नाही का? मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळण टाकायला जायचंच होतं. सांगतो म्हटलं.